हाताचं माप घरच्या घरी: स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारानंतर हाताची सूज कशी ओळखावी, याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात राजारामपुरीत ब्लाऊज शिवते. सत्तावीस वर्षं गळ्यात टेप आहे. माझ्या उजव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग लाईट, म्हणजे रेडिएशन. त्यानंतर दीड वर्षानं माझ्याच ब्लाऊजची उजवी बाही दंडात आवळायला लागली. मी ती उसवली, माया सोडली आणि परत शिवली. चार महिन्यांत दोनदा. दुसऱ्यांचे दंड रोज मोजून वहीत लिहिते, पण स्वतःचा दंड मोजावा हे मला सुचलं नाही. जिथं दाखवलं तिथं "ऑपरेशननंतर एवढं असतंच" असं ऐकून परत आले. पुढं एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी हात पाहिला, तोवर अंगठा दाबला की खळगा तसाच राहत होता आणि रात्रभर झोपूनही सूज उतरत नव्हती. आज हात आटोक्यात आहे, पण स्लीव्ह, म्हणजे हाताला दाब देणारी खास बाही, कायमची लागली.

दुकानात येणाऱ्या आणि ओळखीतून फोन करणाऱ्या बायका जे विचारतात, ते इथं लिहिलंय. मी डॉक्टर नाही. औषधपाण्याचं जे लिहिलंय ते माझ्या डॉक्टरांकडून आणि त्या ताईंकडून शिकलेलं आहे. तुमच्या उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा. टेपचं मात्र मी खात्रीनं सांगू शकते.

ऑपरेशन छातीचं, मग हात का सुजतो?

रक्त हातात जातं आणि शिरांमधून परत येतं. त्यातलं थोडं पाणी पेशींच्या मधल्या जागेत राहून जातं. ते उचलून परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या वेगळ्या असतात. त्या नळ्यांतलं पाणी म्हणजे लसिका. हातातली बहुतेक लसिका काखेतल्या गाठींमधून, म्हणजे लसिका ग्रंथींमधून, पुढं जाते. कर्करोग तिथं पोचलाय का हे बघायला डॉक्टर त्या गाठी काढतात, कधी तिथं लाईट देतात. मग वाट अरुंद होते. पंचगंगेला पाणी वाढलं की शहरातले ओढे तुंबतात, तसंच हे: ओढ्यात खोट नसते, पुढं जायला जागा नसते. या सुजेला डॉक्टर लिम्फिडिमा म्हणतात.

हे सगळ्यांनाच होतं का?

नाही. काखेतल्या बहुतेक गाठी काढल्या असतील तर साधारण पाचातल्या एकीला होतं. फक्त पहिल्या एक-दोन गाठी तपासायला काढल्या असतील, त्याला सेंटिनल नोड म्हणतात, तर साधारण विसातल्या एकीला. काखेला लाईट दिली असेल, वजन जास्त असेल किंवा त्या हाताला जंतुसंसर्ग झाला असेल तर शक्यता वाढते. तुमच्या किती गाठी काढल्या हे डिस्चार्ज कार्डावर किंवा पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर लिहिलेलं असतं. ते एकदा शोधून ठेवा.

बहुतेकींना सूज पहिल्या दोन-तीन वर्षांत येते. पण पुष्कळ वर्षांनीही येऊ शकते. म्हणून पाच वर्षं झाली, डॉक्टरांनी "आता वर्षातून एकदाच या" सांगितलं, तरी टेप कपाटात जाऊ देऊ नका.

"हात सुजला न्हाई, नुस्ता जड वाटतोय. मग मोजायचं कशाला?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय, आणि मोजायची खरी वेळ हीच आहे. डोळ्याला सूज दिसण्याआधी हात जड वाटतो, कातडी ताणल्यासारखी होते, दंडात भरल्यासारखं वाटतं. पाणी साचायला सुरुवात झालेली असते किंवा होणार असते. पुढच्या टप्प्यात सूज दिसते, पण हात उशीवर उंच ठेवून झोपलं की सकाळी उतरते. त्याच्या पुढं ती उतरेनाशी होते, कारण साचलेल्या पाण्याच्या जागी हळूहळू चरबी आणि कडक तंतू तयार होतात. पाणी काढता येतं, कडकपणा काढणं फार अवघड. माझे चार महिने या दोन टप्प्यांच्या मध्ये गेले.

घरातल्या खुणा ओळखायला शिका. बाही दंडात आवळते. घड्याळाच्या पट्ट्याचं भोक बदलावं लागतं. अंगठी संध्याकाळी निघत नाही. आणि बांगड्या. कासाराकडं दोन-सहाच्या पुढं दोन-आठची बांगडी असते. त्या दोन मापांच्या घेरात जवळजवळ बरोब्बर १ सेंटिमीटरचा फरक आहे. म्हणजे एका हातात दोन-सहा जाते आणि दुसऱ्या हाताला दोन-आठ लागायला लागली, तर ती नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. एवढंच की बांगडी अडते ती तळव्याच्या रुंद भागात, त्यामुळं ती पंजाचं सांगते, दंडाचं सांगत नाही. दंडाचं बाही सांगते. आणि कोपराखालच्या हाताचं टेपशिवाय कुणीच सांगत नाही.

टेप कोणता घ्यायचा आणि माप कुठं कुठं घ्यायचं?

साधा शिंप्याचा टेप चालतो, पण नवा घ्या. महाद्वार रोडला शिलाईसामानाच्या कुठल्याही दुकानात मिळेल. जुना कापडी टेप ताणून लांबतो, आणि लांबलेला टेप सूज कमी दाखवतो. नवा टेपही स्टीलच्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीवर ठेवून ताडून बघा. एका बाजूला इंच, एका बाजूला सेंटिमीटर असतात. कायम सेंटिमीटरच वाचा. हा टेप फक्त हातासाठी ठेवा, त्यानं पोरांच्या वह्यांचे समास आखू देऊ नका.

खुर्चीत बसा. हात टेबलावर सरळ, तळवा खाली, खांदा सैल. नेहमी याच पद्धतीनं. मापाच्या पाच जागा:

तळवा, चार बोटांच्या मुळाशी, अंगठा सोडून.
मनगट, करंगळीच्या बाजूच्या उंच हाडाच्या लगेच वर.
त्या हाडापासून कोपराकडं १० सेंटिमीटरवर.
कोपर.
कोपरापासून खांद्याकडं १० सेंटिमीटरवर, दंडात.

१० सेंटिमीटरची जागा दर वेळी त्याच हाडापासून मोजून पेनानं ठिपका द्या. अंदाजानं जागा धरली आणि टेप दोन सेंटिमीटर वर सरकला, तर दंडाचा घेर आपोआप वाढतो, आणि आकडा बघून बाई रात्रभर झोपत नाही. टेपची वरची कडा ठिपक्यावर आली की खालची कडा, हे एकदा ठरवून तेच पाळा. टेप तिरका जाऊ देऊ नका.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. ब्लाऊजचं माप घेताना आम्ही टेपखाली एक बोट सोडतो, म्हणजे बाही सैल बसते. इथं बोट सोडायचं नाही. टेप कातडीला टेकला पाहिजे, पण कातडी दबता कामा नये. टेप काढल्यावर कातडीवर वळ दिसला तर जास्त ओढलात. प्रत्येक जागेचं माप दोनदा घ्या. दोन्ही आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा घ्या.

आणि दोन्ही हात मोजा, दर वेळी. पुढचा प्रश्न वाचलात की का ते कळेल.

किती फरक आला की काळजी करायची?

डॉक्टरांमध्ये जुना आणि सोपा नियम आहे: कुठल्याही एका जागी दोन हातांमध्ये २ सेंटिमीटर किंवा जास्त फरक आला की सूज धरायची. पण नुसता हा नियम धरला तर दोन चुका होतात.

पहिली चूक: ज्या हातानं आपण काम करतो तो मुळातच थोडा जाड असतो. म्हणून आजचा फरक आणि ऑपरेशनच्या आधीचा फरक शेजारी ठेवायचा. समजा ऑपरेशनच्या आधी उजवा दंड २७.५ आणि डावा २७ होता. फरक अर्धा. आज उजवा २९.५ आणि डावा २७.२. फरक २.३. म्हणजे खरी वाढ १.८. ही सूज आहे, दाखवायला पाहिजे. आता दुसरी बाई घ्या. तिचा आज उजवा २९.५, डावा २९. फरक अजून अर्धाच आहे. तिचं वजन वाढलंय, दोन्ही दंड सारखे वाढलेत. उजव्या हाताचा आकडा दोघींचा एकच आहे. डावा मोजला नसता तर दोघींत फरकच कळला नसता.

दुसरी चूक: बारीक जागेला २ सेंटिमीटर ही फार मोठी वाढ असते. दंड ३० चा ३२ झाला तर त्या जागी हाताचं आकारमान साधारण १४ टक्क्यांनी वाढतं. मनगट १५ चं १७ झालं तर २८ टक्क्यांनी. म्हणून मनगटाला आणि तळव्याला २ सेंटिमीटर होण्याची वाट बघत बसायचं नाही.

मला ताईंनी जो नियम दिला तो मी पाळते. फरकात १ सेंटिमीटरची वाढ दिसली तर आठवड्यानं त्याच वेळी परत मोजायचं. ती तशीच राहिली तर फोन करायचा. २ सेंटिमीटर दिसली, किंवा आकडा तोच आहे पण जडपणा रोज वाढतोय, तर आठवडाही थांबायचं नाही.

माझी मुलगी एक्सेलवर हिशेब करते. सगळ्या हाताचा एकच आकडा काढता येतो का?

येतो, आणि तो जास्त भरवशाचा. मनगटापासून वर दर ४ सेंटिमीटरवर घेर घ्यायचा. प्रत्येक घेराचा वर्ग करून ३.१४ नं भागायचं. ते झालं त्या ४ सेंटिमीटरच्या तुकड्याचं आकारमान, मिलिलिटरमध्ये. घेर २५ असेल तर ६२५ भागिले ३.१४, म्हणजे साधारण १९९ मिलिलिटर. सगळ्या तुकड्यांची बेरीज म्हणजे हात. दुसऱ्या हाताच्या तुलनेत, आधीच्या मापापेक्षा १० टक्के वाढ ही लिम्फिडिमाची सर्वसाधारण खूण धरतात. ५ टक्क्यांपाशीच लक्ष घालावं असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. मुलगी हौशी असेल तर जरूर करा. नसेल तर पाच जागा पुरेशा आहेत. महिन्याच्या महिन्याला खरोखर होणारं साधं माप, दोनदा करून सोडून दिलेल्या बारीक हिशेबापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

ऑपरेशनआधी माप घेतलंच नव्हतं. आता काय?

आजचं घ्या, तारखेसह. तेच पहिलं. दुसऱ्या हाताशी तुलना करा आणि पुढची वाढ त्यावरून बघा. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालं असेल तर तुलनेला हातच उरत नाही. तेव्हा प्रत्येक हाताचं आधीचं माप आणि त्या दिवशीचं वजन, दोन्ही लिहा आणि तीन-चार महिन्यांनी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी हे वाचलं असेल तर आज रात्रीच दोन्ही हात मोजून ठेवा. मला एवढी एक गोष्ट कुणी आधी सांगायला हवी होती.

किती वेळा मोजायचं? कोणी?

पहिली दोन-तीन वर्षं महिन्यातून एकदा, पुढं तीन महिन्यांतून एकदा, आणि मध्ये काही वेगळं वाटलं तर तेव्हा. रोज मोजू नका. रोजच्या आकड्यात हाताच्या सुजेपेक्षा टेपची चूक जास्त दिसते आणि जीव नुसता टांगणीला लागतो. तारीख लक्षात राहील अशी धरा. आमच्याकडं एक बाई संकष्टीला मोजते, सकाळी अंघोळीच्या आधी. वेळ कुठलीही चालेल, पण तीच पाहिजे. सकाळचं माप संध्याकाळच्या मापाशी जुळवू नका, दिवसभराच्या कामानं हात संध्याकाळी थोडा फुगतोच.

मोजणारा माणूस एकच असावा. एका हातानं स्वतःच्या दंडाला टेप नीट लावता येत नाही. नवऱ्याला शिकवा, सुनेला शिकवा. काही बायकांना नवऱ्यानं हात बघायला नको वाटतो, ऑपरेशननंतर तर जास्तच. ते मला समजतं. मग बहीण, शेजारीण, नाहीतर माझ्यासारखी तुमची शिवणारी बाई. आम्हाला सवय असते.

मोजून झालं की एक काम आणखी: कोपराच्या खाली अंगठ्यानं दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खळगा राहतो का बघा. दोन्ही हातांवर.

माप वाढलंय. डॉक्टरांकडं जाईपर्यंत काय करू, काय करू नको?

बसताना-झोपताना हात उशीवर हृदयापेक्षा उंच ठेवा. मूठ हळूहळू मिटा-उघडा, कोपर वाकवा-सरळ करा. अंगठी-बांगड्या आत्ताच काढा. अंगठी अडकली असेल तर गुजरीत सोनार कापून देतो, पुढं सांधूनही देतो. बोटाच्या मानानं सोनं काही मोठं नाही.

करू नका ते जरा ठासून सांगते. जोरानं मालिश करून घेऊ नका. ताई करतात ते लसिकेचं मालिश अगदी हलक्या हाताचं, ठराविक दिशेनं असतं, आणि ते शिकलेल्या माणसाकडूनच. गरम शेक, डाग, जळवा, यातलं काहीही त्या हाताला नको. कातडीला एक छिद्र पडलं तरी तिथून जंतू शिरतात. दंडात ताईत किंवा काळा दोरा आवळून बांधला असेल तर सोडा, देव गळ्यात घातला तरी पावतो. क्रेप बँडेज आपल्या मनानं गुंडाळू नका. आणि लघवी होऊन पाणी उतरायची गोळी मागून घेऊ नका, या सुजेवर ती उपाय नाही.

लगेच दवाखाना कधी गाठायचा?

हात लाल, गरम, दुखरा झाला, ताप-थंडी आली: त्याच दिवशी. हा कातडीखालचा जंतुसंसर्ग असतो, तासातासानं पसरतो, अँटिबायोटिक लागतं. "उद्या सोमवारी बघू" नको. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्याचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो.

हात एक-दोन दिवसांत अचानक सुजला, दुखतोय, रंग निळसर, शिरा फुगल्यात: शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन.

काखेत, मानेत किंवा गळ्याच्या हाडावर नवी गाठ लागली, हाताला मुंग्या येतात, बोटांतली ताकद कमी होतेय: हे कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवायचं, थेट.

काखेतून कोपराकडं दोरीसारखं काही ताणलेलं लागतं का? ऑपरेशननंतर काही आठवड्यांत असं होऊ शकतं. ते घाबरण्यासारखं नाही, ताणाच्या व्यायामानं बहुतेकदा काही महिन्यांत सुटतं. तरी एकदा दाखवून घ्या.

"मी रोज दोन म्हशींची धार काढतो, उसात पण जातो. आता सगळं बंद करू व्हय?"

करवीर तालुक्यातल्या एका काकूंनी हे विचारलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. गोकुळला दूध घालून घर चालवणाऱ्या बाईला "आराम करा" म्हणणं सोपं आहे. बंद करू नका, बदला. धार दुसऱ्या हातानं जास्त काढा, मध्ये थांबून मूठ मोकळी करा, शक्य असेल तर एक म्हैस लेकाकडं सोपवा. उसाचं पातं ब्लेडसारखं कापतं, म्हणून पूर्ण बाहीचा शर्ट आणि हातमोजे. वैरण कापताना, भांडी घासताना, विळीवर बसताना तेच. मी सुई धरताना अंगुस्तान आता कधीच विसरत नाही. खरचटलंच तर साबण-पाण्यानं धुवा, जंतुनाशक लावा, दोन दिवस लक्ष ठेवा. हळद-चुना भरू नका.

पावसाळ्यात गगनबावडा-राधानगरीकडं दिवसेंदिवस हात ओला राहतो. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, तिथं चिखल्या होतात आणि तिथूनच जंतू शिरतात. रात्री साधं खोबरेल किंवा मॉइश्चरायझर हलक्या हातानं लावा, म्हणजे कातडीला भेगा पडत नाहीत.

त्या हातात बीपी मोजायचं नाही, सुई घ्यायची नाही, हे खरं का?

पूर्वी फार कडक सांगायचे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ६३२ रुग्णांच्या हातांची वारंवार मोजणी करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रक्त काढणं, इंजेक्शन, बीपी आणि विमानप्रवास यांचा सूज वाढण्याशी ठळक संबंध दिसला नाही. जंतुसंसर्ग आणि वाढलेलं वजन यांचा दिसला. दुसरा हात मोकळा असेल तर तो पुढं करा, त्यात काही जात नाही. पण सलाईन तातडीनं लावायचं असेल आणि दुसऱ्या हाताला शीर सापडत नसेल, तर अडवून धरू नका.

घागर उचलू का? व्यायाम करू का?

करा. हात जपून झोळीत ठेवल्यासारखा ठेवला तर तो अशक्त होतो, आणि अशक्त हाताला साधं काम जड जातं. स्नायू आखडून सैल होतात तेव्हाच लसिका पुढं ढकलली जाते. सूज असलेल्या १४१ बायकांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हळूहळू वजन वाढवत, देखरेखीखाली वजन उचलल्यानं त्यांची सूज वाढली नाही, उलट त्रास वाढण्याचे प्रसंग कमी झाले. कळीचा शब्द "हळूहळू". पाण्यानं भरलेली अर्ध्या लिटरची बाटली अर्धा किलोची असते, तिथून सुरू करा. सहा महिने काही न उचलता एकदम लग्नघरात पिठाचा डबा उचलणं, हे वाईट. रंकाळ्याला रोज फेरी मारा. वजन आटोक्यात राहिलं तर हातालाही मदत होते.

स्लीव्ह बाजारातून आणून घातली तर?

घट्ट बाही आणि स्लीव्ह या वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिवणारी म्हणून सांगते. स्लीव्ह मनगटाशी जास्त दाबते आणि वर जाईल तसा दाब कमी होतो, म्हणजे पाणी वर सरकतं. बाही नेमकी दंडात आवळते आणि पाणी खाली अडवते. स्लीव्हचं माप सूज उतरवून, शक्यतो सकाळी, माहीतगार माणसानं घ्यायचं. सकाळी घालायची, रात्री काढायची. साधारण सहा महिन्यांत तिचा दाब ढिला पडतो, मग नवी. ती घातल्यावर बोटं सुजली किंवा बधिर झाली तर काढा आणि परत दाखवा, पंजाचा मोजा वेगळा लागत असेल.

हा हत्तीरोग आहे का? लागट आहे का?

हत्तीरोग डासांमधून येणाऱ्या जंतांमुळं होतो. ही सूज उपचारानंतरची आहे. कुणाला लागत नाही. त्या हातानं केलेली भाकरी खुशाल खा.

वही कशी ठेवू?

आडवी रेघांची साधी वही. एका ओळीत तारीख, वेळ, वजन, पाच जागांची उजवी-डावी मापं, खळगा पडला की नाही, आणि एक शब्द: जड, हलका, दुखतो, काही नाही. तपासणीला जाताना पिशवीत रिपोर्टाच्या वर ठेवा. "हात जड वाटतोय" म्हटलं की कुणीही "होईल कमी" म्हणू शकतं. "मार्चमध्ये फरक अर्धा होता, आता दीड आहे, ही बघा तारीख" म्हटलं की डॉक्टर खुर्ची पुढं ओढतात. मी दोन्ही अनुभवलंय.

वही भरली की पहिल्या पानावरची मापं नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या, आणि जुनी वही रद्दीत घालू नका.